कुलूपबंद घरातला भरलेला गुंड

मी हिशेबखात्यातला माणूस आहे. ज्याची पावती नाही तो खर्च मी मानत नाही, आणि ज्याची खात्री करता येत नाही तो अनुभवही. अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात आजवर जे जे वाचलं, त्यातल्या निम्म्या गोष्टींना मी मनातल्या मनात 'अपुरी झोप' असा शेरा दिला आहे. तेव्हा इथे स्वतः काही लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं... बायको म्हणाली, "तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर लोक म्हणतील, बाईमाणूस घाबरलं असेल." घाबरलं कोणीच नव्हतं. ते शेवटी कळेलच.

आम्ही गेली बरीच वर्षं वडोदऱ्याला राहतो. मूळचा मी वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा. हायवेवरचं बाजाराचं गाव, मंगरूळपीर तालुका. वडील बाजारात मापारी होते, म्हणजे तूर-सोयाबीनची पोती मापून देणारे. सगळं गाव त्यांना 'मापारी भाऊ' म्हणायचं. मी नोकरीला बाहेर पडल्यावर त्यांनी बाजारामागच्या गल्लीत जागा घेऊन घर बांधलं. पुढे तीन खोल्या स्लॅबच्या, मागे टिनाचं स्वयंपाकघर, त्यामागे छोटं अंगण आणि अंगणात विहीर. त्या घरात मी फक्त सुट्टीपुरता राहिलो आहे.

विहीर शेजारच्या भिंतीला अगदी चिकटून आहे. भिंतीत विहिरीच्या बरोबर वर एक चौकोनी खिडकी सोडलेली. गज नाहीत, झडपा नाहीत, नुसता झरोका आणि खाली रुंद दगडी कट्टा. पलीकडे जैबुन चाचींचं घर. त्यांचे यजमान रहेमान चाचा बागवान होते, केळी आणि सीताफळं विकायचे. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. चाचींचं अंगण आमच्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे आमच्या बाजूने कमरेइतका असणारा कट्टा त्यांना डोक्याबरोबर येतो.

रोज सकाळी चाची त्या कट्ट्यावर रिकामा गुंड ठेवायच्या. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची मोठी घागर, त्यांची तांब्याची होती. बाबा विहिरीतून पाणी ओढायचे, पहिला गुंड चाचींचा भरायचे आणि मग आमच्या घरचं पाणी. मी सुट्टीत हे पाहिलं होतं. शेजारधर्म आहे, एवढीच माझी समजूत.

पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. दिवस झाल्यावर आईला आम्ही वडोदऱ्याला आणलं, आणि ती पुन्हा कधी गावी गेली नाही. इथेच वारली. घर बाबांच्या माघारी बंद झालं ते बंदच. लहान मुलं डोकावतील म्हणून विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं होतं. जाळीची भोकं एवढी लहान की त्यातून तांब्यादेखील आत जाणार नाही. वरची कप्पी काढून कोपऱ्यात टाकली होती. मोटार त्या विहिरीवर कधीच नव्हती. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे प्रत्येक जण पहिला प्रश्न मोटारीचाच विचारतो.

किल्ल्या माझा आतेभाऊ गजानन याच्याकडे. तो मंगरूळपीरला राहतो. महिन्यातून एकदा जायचा, खोल्या झाडायचा, पुढच्या दारातूनच परत. चाचींचा मला दिवाळीला फोन यायचा, ईदला मी करायचो. दर वेळी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे — "पानी टायमावर भेटते रे बेटा, फिकर नको करू." मी समजायचो, नळाला पाणी वेळेवर येतं असं सांगतायत. मी म्हणायचो, "चांगलं आहे, चाची."

गेल्या उन्हाळ्यात घर विकायचं ठरवलं. स्लॅब गळायला लागला होता, आणि आमच्यापैकी कोणी तिथे परत जाऊन राहील अशी शक्यता उरली नव्हती. नेमकं त्याच सुमारास मी बाथरूममध्ये घसरलो. मांडीचं हाड मोडलं, प्लेट बसली, प्रवास बंद. मग सगळा व्यवहार फोनवर. व्हीलचेअरवर बसून इथल्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो, गजाननच्या नावाने मुखत्यारपत्र नोंदवलं आणि मूळ कागद कुरिअरने पाठवला. ग्रामपंचायतीचा उतारा, कर भरल्याच्या पावत्या, चारही बाजूंच्या सीमा... सगळ्याची फाईल मी खाटेवर पडून तयार केली. परराज्यात बसून घर विकणाऱ्या कोणालाही सांगेन — कागद आधी, गिऱ्हाईक नंतर.

गिऱ्हाईक मिळालं तेही चांगलं. किन्हीराजाचे नामदेवराव. माळी समाजाचे, घरची बागायत — वांगी, मेथी, मिरची. शेलूबाजारला माल आणून ठेवायला आणि पुढे गाड्यांत भरायला त्यांना बाजाराजवळ घर हवं होतं. भाजी धुवायला विहीर आहे म्हटल्यावर त्यांचं निम्मं मन तिथेच बनलं. गजाननने व्हिडिओ कॉल लावला आणि आम्ही घरभर फिरलो. ते प्रत्यक्षात, मी फोनमध्ये.

"दादा, हे पा, मांगच्या आंगनात आलो," गजानन म्हणाला. त्याने कॅमेरा फिरवला. जाळी, पाला, कोपऱ्यातली गंजकी कप्पी. खिडकीच्या पलीकडे चाचींनी तरटाचा पडदा लावलेला. आणि कट्ट्यावर तांब्याचा गुंड. कट्टा ओला.

"इहीर चालू दिसते," नामदेवराव म्हणाले.

"शेजारचा गुंड आहे तो," मी म्हणालो. मनात आलं, चाचींनी नळाचं भरून ठेवलं असेल. त्यापुढे विचार केला नाही.

घर पसंत पडलं, इसार दिला-घेतला. दोन दिवसांनी नामदेवरावांचा फोन. "सायेब, बाकी सारं बेस हाय. फक्त थे खिडकी बुजवून द्या. मीच गवंडी आनतो, तुमाले तरास नाही. उद्या माह्ये पोरं कारभार पाहतीन, इचारतीन इहीर कोनाची... सामाईक भानगड नको मले."

मला त्यात वावगं दिसलं नाही. कागदावर विहीर आमच्या सीमेच्या आत होती. तिच्यावर कोणाचा हक्क नोंदलेला नव्हता. मी म्हणालो, "बुजवा. फक्त मी शेजारी आधी सांगतो." न सांगता भिंत उभी करणं बरं दिसलं नसतं, एवढंच. त्याच संध्याकाळी चाचींना फोन लावला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुयं घर, तुयी भित. मी काय बोलू बेटा? पाच साल तू निभवलं, हेच लय झालं. आजकाल पोटचे पोरं नाही करत. मी साऱ्या गल्लीत सांगतो — मापारी भाऊचा पोरगा तिकडे गुजरातेत राहते, पन बापाचा शबद त्यानं खाली नाही पडू देला."

"कोणता शब्द, चाची?"

"आता लाजतं काय रे? त्या मानसाले माह्या सलाम सांग. लय नेक हाये. पाच सालात एक दिवस नागा नाही त्याचा."

"कोणत्या माणसाला?"

"तू ठेवला ना पानी भराले. थो."

मी उशीला टेकून खाटेवर उठून बसलो. म्हटलं, चाची, जरा सविस्तर सांगा. त्यांनी सांगितलं. पहाटे फजरची नमाज झाली की त्या रिकामा गुंड कट्ट्यावर ठेवतात, घरकामाला लागतात, ऊन अंगणात उतरलं की येऊन भरलेला गुंड उतरवून घेतात. बाबा असताना जसं होतं तसंच. बाबा गेल्यावर त्यांनी गुंड ठेवणं बंद केलं होतं. आम्ही घर बंद करून गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी पलीकडून कप्पीचा आवाज आला. त्यांना वाटलं, मी पाणी भरायला कोणाला तरी ठेवलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भीतभीत गुंड ठेवला... भरून मिळाला.

"तुम्ही त्याला कधी पाहिला नाही?"

"दुसऱ्याच्या आंगनात डोकावाचं असते का? सून एक डाव डोकावू राहिली होती, तिले मी अशी झाडली! मनलं, परका मानूस आपल्यासाठी पानी वढून राह्यला, त्याले अवघडल्यावानी नाही होनार? म्हनून तं तरट लावलं."

फोन ठेवल्यावर मी लगेच गजाननला लावला. तो म्हणाला, "मी कायले ठेवीन दादा मानूस? मले तं पुढच्या खोल्या झाडता झाडता नाकी नऊ येते. अन् आत जाईन कोन? दोन्ही चाब्या माह्याजोळ."

"जाळीची?"

"थे बी."

मी ज्या पद्धतीने हिशेबातली चूक शोधतो त्याच पद्धतीने रात्री विचार केला. गल्लीतलं कोणी भिंतीवरून उडी मारून येत असेल? पाच वर्षं, फुकट, आणि कोणाला न दिसता? चाचींचा मुलगा आईला बरं वाटावं म्हणून नळाचं भरून ठेवत असेल? पण शेलूबाजारच्या नळाचं पाणी खारं आणि आमच्या विहिरीचं गोड, चाची पहिल्या घोटात ओळखतील. शिवाय उन्हाळ्यात तिथे नळ आठ-आठ दिवस कोरडा असतो. चाचींना विस्मरण होत असेल? त्यांनी मला माझ्या मुलीच्या सासूचं नावही बरोबर सांगितलं होतं... एकही नोंद जुळेना. म्हणून गजाननला म्हटलं, उद्या सकाळी जा, आणि फोन चालू ठेवून बैस.

गेला बिचारा. चाची गुंड ठेवून गेल्या होत्या. मी त्याला गुंड उपडा करून दाखवायला लावला. थेंब नव्हता. जाळीचं कुलूप ओढून दाखव म्हटलं. ओढलं, पक्कं होतं. कोपऱ्यातली कप्पी जवळून दाखव. तिच्यावर कोळ्याचं जाळं, अख्खं. मग त्याने समोरच्या विटांवर फोन उभा केला, असा की कट्टा, गुंड आणि जाळी तिन्ही एका चौकटीत यावीत, आणि स्वतः फोनमागे उकिडवा बसला.

बराच वेळ काही झालं नाही. ऊन भिंतीवर आलं.

"दादा, हे तुयं भूत सरकारी दिसते," गजानन कंटाळून म्हणाला. "साडेदहाच्या आंधी हजेरीच लावत नाही."

"गप्प बैस."

"चहा तरी पेऊन येऊ का?"

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. नामदेवराव आले होते. सोबत त्यांची पत्नी इंदूबाई स्वयंपाकघर बघायला, आणि गवंडीही. खिडकी त्याच दिवशी बुजवायची म्हणून ते विटा-सिमेंट घेऊनच आले होते. गजानन दार उघडायला गेला. फोन विटांवरच राहिला.

आणि चित्र गोठलं. नेटवर्क गेलं की होतं तसंच. स्क्रीनवर गुंड, तरट, जाळी, सगळं फोटोसारखं स्थिर. पण आवाज येत होता.

कप्पीचा. करकर... करकर... करकर... मग थांबा. पुन्हा करकर.

कल्पना, माझी बायको, हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला यातलं मी काहीही सांगितलं नव्हतं, हे इथे नोंदवतो. "कोण पाणी काढतंय?" तिने विचारलं. मग जागच्या जागी उभी राहून ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, असं तर बाबा काढायचे."

बाबांचा उजवा खांदा पोत्यांनी गेलेला होता. ते सलग दोर ओढू शकत नसत. थोडा ओढायचे, पायाखाली दाबून धरायचे, दम घ्यायचे, पुन्हा ओढायचे. त्या थांब्यासकट आवाज येत होता. मग बादली कट्ट्याला टेकल्याचा. मग तांब्याच्या भांड्यात पाणी पडल्याचा.

चित्र परत आलं तेव्हा कट्टा ओला होता. गुंडाच्या अंगावरून थेंब ओघळत होते. अंगणात कोणी नव्हतं.

"गजू!" मी एवढ्याने ओरडलो की वडोदऱ्याचे शेजारी दारात आले.

गजानन धावत आला, मागून बाकीचे. त्याने गुंडात हात घातला. बाहेर काढून ओल्या हाताकडे बघत राहिला. मग जाळीपाशी जाऊन कुलूप बघितलं. तिथला दगड कोरडा ठणठणीत. कोपऱ्यातल्या कप्पीवर जाळं तसंच.

"कोनं भरला?" नामदेवरावांनी सहज विचारलं.

गजाननने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. "गोड हाये," एवढंच तो म्हणाला, आणि विटांवर बसला.

गवंड्याने घमेलं खाली ठेवलं. "खिडकी हेच ना मालक? घेऊ मंग कामाले?"

"थांबा," मी फोनमधून म्हणालो.

"काहून?" नामदेवरावांचा आवाज चढला. "आपलं बोलनं झालं ना सायेब? आता आयनवक्ती..."

त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं कारण नव्हतं. जे ऐकलं ते कारण म्हणून सांगता येत नव्हतं. मी गजाननला म्हटलं, फोन कट्ट्यावर ठेव आणि चाचींना हाक मार. तरट बाजूला झालं. पदर सावरत चाची आल्या. इतक्या माणसांना बघून बिचकल्या. त्यांना वाटलं, बुजवण्याआधी गुंड घ्यायला बोलावलंय. त्या गुंड उचलायलाच लागल्या.

"चाची, राहू द्या," मी म्हणालो. "मला एक सांगा. ही खिडकी मुळात ठेवली कोणी? काल तुम्ही म्हणालात बाबांचा शब्द. कोणता शब्द?"

"जाऊ दे ना बेटा. सौदा झाला तुया. जुनं काढून काय भेटते?"

"मला माहीत नाही म्हणून विचारतोय. खरंच माहीत नाही."

चाचींनी माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, निरखून बघितलं. मग सांगायला लागल्या. घर बांधताना बाबांनी अंगणाच्या मधोमध विहीर खणायला घेतली होती. काळा पाषाण लागला, पाण्याचा पत्ता नाही. रहेमान चाचा रोज भिंतीवरून बघायचे. एक दिवस म्हणाले, मापारी भाऊ, पानी माह्या बाजूनं वाहते, सरक इकडे. बाबा म्हणाले, तिकडे तुमची जागा आहे. चाचा म्हणाले, मंग? जागा काय मी संग नेनार हाओ? त्यांनी आपली कच्ची भिंत तेवढ्या भागात स्वतः पाडली आणि विहिरीला जागा करून दिली. पाणी लागलं. नवी भिंत बांधताना ती विहिरीच्या पलीकडून वळवून घेतली. बाबा पैसे द्यायला गेले तर चाचांनी घेतले नाहीत. तेव्हा बाबांनी शब्द दिला, खिडकी कायम राहील आणि पहिला गुंड तुमचा. भरून मीच देईन.

मला त्या भिंतीचा बाक लहान-मोठ्या सगळ्या सुट्ट्यांत दिसला होता. मी आजवर गवंड्याला दोष देत आलो होतो... दारू पिऊन बांधली असणार म्हणून.

"म्हणजे निम्मी विहीर तुमच्या जागेत आहे," मी म्हणालो. "आणि तुम्ही मला बुजवू देत होतात? एक शब्द बोलला नाहीत?"

"देल्लेली चीज वापस मांगाची असते का?" चाची म्हणाल्या. "आन तू तं बापापक्षा जास्त केलं. बापानं जवळ राहून केलं, तू दुरून."

मी नामदेवरावांना म्हटलं, "जे माझं नाही ते मी विकू शकत नाही. खिडकी राहील आणि पाण्यावर चाचींच्या घराचा हक्क राहील, असं विक्रीखतात लिहावं लागेल. मंजूर नसेल तर इसार आजच परत करतो. चूक माझी आहे."

नामदेवराव तापले. तापणारच. "आंधी सांगाचं होतं ना! मी पोराले सांगून बसलो, भावाले सांगून बसलो. एका इहिरीवर दोन घरं... उन्हायात भांडनं नाही व्हनार?"

तोवर इंदूबाई एकही शब्द बोलल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या आणि जाळीतून खाली वाकून पाहिलं. मग नवऱ्याला ओलांडून सरळ चाचींना विचारलं, "मावशी, उन्हायात पानी आटून तय दिसते का इहिरीचा?"

"आजलग तं नाही दिसला. दोन घरं पेत होते, आन लग्नकार्याले सारी गल्ली."

"मंग?" इंदूबाई नवऱ्याकडे वळल्या. "पानी पुरते. जागा त्यायनं देल्ली. आन भित आपन बांधाची? अशा पान्यानं धुतलेली मेथी इकाले मी बसन का बाजारात?"

"मी कुठं म्हनलं बांधा म्हनून..." नामदेवराव पुटपुटले.

"हे घमेलं मंग काय हवा खाले आनलं?"

नामदेवरावांनी डोकं खाजवलं आणि गवंड्याला म्हणाले, "जाय बापा घरी. आजची तुयी चैन झाली. नाही तं असं कर, मांगचं टिन गळते म्हनते, थे पाय." एवढा मोठा व्यवहार एवढ्या एका वाक्यात सावरला. पुढे खतात खिडकीचं आणि पाण्याच्या हक्काचं कलम आलं, गजाननने माझ्या वतीने मंगरूळपीरला सह्या केल्या, आणि त्या कलमाखाली नामदेवरावांनी आपणहून मुलाचीही सही घ्यायला लावली. "उद्या त्यानं भानगड नको कराले," म्हणाले. माणूस तापट आहे, पण सच्चा. आजही महिन्यातून एकदा त्यांचा फोन असतो, मिरचीचा भाव काय चालला ते मी न विचारता सांगतात.

चाचींना मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एवढ्या माणसांत बोलणं जमलं नाही. नंतर मला धीर होईना. म्हातारी बाई, रोज पहाटे त्याच कट्ट्यापाशी जाणार... पण जे मी केलं नाही त्याचं श्रेय माझ्या नावावर जमा राहणं, हे मला झोपू देत नव्हतं.

नामदेवरावांचं कुटुंब राहायला आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचींचा फोन आला. आवाज हसरा. "बेटा, नवी सोयरीक चांगली भेटली. आज गुंड रिकामाच होता, तुया मानूस नाही आला. मी मनलं, बरोबर हाये, घर इकलं, आता कायले येईन? तं तिकडून इंदू म्हनते, मावशी, थांबा, मी देतो भरून. जाळी काढली त्यायनं, कप्पी चढवली. देल्ला भरून."

"चांगलं झालं, चाची."

"पन पोरीनं भरला काठोकाठ! मी उतरवाले गेली आन सारा माह्या डोक्यावर. लुगडं भिजलं, सून हासून हासून पडली." त्या स्वतःही हसत होत्या. "मंग मी तिले सांगितलं, चार बोटं कमी भरत जाय वो माय. कट्टा उंच हाये माह्यासाठी. मापारी भाऊ चार बोटं कमी भरे. बजारात कोनाचं माप कदी कमी नाही देल्लं त्या मानसानं, फक्त माह्या गुंड कमी भरे, सांडू नये म्हनून. तुया मानूस बी तसाच भरे. पह्यल्या दिवसापासून. तूच सांगून ठेवलं असन त्याले."

चार बोटांचं मला माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही, बाबांनी तर नाहीच. मी कोणाला काय सांगून ठेवणार?

"चाची," मी म्हणालो, "मी कोणालाच ठेवलं नव्हतं. गजूनेही नाही. घर पाच वर्षं बंद होतं. तो माणूस कोण, मला माहीत नाही."

चाचींचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. बऱ्याच दिवसांची शंका फिटल्यावर माणूस बोलतो, तसा होता.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मी म्हनो, पगारी मानूस इतकं ध्यान कुठं ठेवते."

एवढंच आहे. घाबरण्यासारखं यात काय आहे ते मला आजही सापडलेलं नाही. उलट, कधी कधी वाटतं, मी पाच वर्षं परराज्यात बसून आमच्या घराचे कर वेळेवर भरले याचा मला अभिमान होता, आणि कोणीतरी त्याच घराचं खरं देणं रोज पहाटे खांदा दुखत असताना फेडत होतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर अवश्य कळवावं. फक्त मोटारपंप, फुटकी पाइपलाइन आणि चाचींचा मुलगा, हे तीन मुद्दे मी स्वतः तपासून खोडलेले आहेत. ते सोडून काही असेल तर लिहा.